कानावर पडेपर्यंत

"नव्या मुलखात उतरलीस की आधी पाणी कुठं हाय ती बघायचं. मग सावली. माणसं सगळ्यात मागनं. माणसाला आधी इचारलं की त्यो आपल्या सोयीचा रस्ता दावतो." तात्या हे फेब्रुवारीत म्हणाले होते, खुटबावच्या घराच्या ओट्यावर तंबाखू मळत. जणू मी स्पेनला शिकायला जात नव्हते, मेंढरं घेऊन घाट उतरत होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, गेणबा. त्या बुधवारी सकाळी त्यांचं बोलणं का आठवत होतं कोण जाणे. मी रांजणगावच्या पशुखाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत उभी होते, मक्याचा ओलावा मोजत होते, आणि मनातल्या मनात ते स्पॅनिशमध्ये करून बघत होते. पाणी, सावली, माणसं. आग्वा, सोंब्रा, हेंते. संध्याकाळी आवाज भरून तात्यांना पाठवायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात आमच्याच गावाकडचा टेम्पोवाला गोकुळ नमुन्याची पिशवी घेऊन खिडकीशी आला आणि पिशवी देता देता म्हणाला, "ताई, परवा तात्यांच्या मासिकाला तुम्ही दिसला न्हाईत. कंपनीनं सुट्टी दिली न्हाई व्हय?" मी विचारलं, "कुणाचं मासिक?"  मग पिशवीचं सोडलेलं तोंड त्यानं पुन्हा आवळून बांधायला घेतलं, दोन गाठी मारल्या, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं तुम्हास्नी... चुकलं माझं ताई." मीटरवर तेरा पूर्णांक आठ दिसत होतं. ते मी वहीत बरोबर रकान्यात लिहिलं.

रडू यायच्या आधी मी सोमवार मोजले. हे मला लिहायलाही लाज वाटते, पण तसंच झालं. परवा मासिक, म्हणजे बरोबर महिन्यापूर्वी गेले. म्हणजे माझा नववा सोमवार झाला होता आणि दहावा यायचा होता. त्यानंतरचे पाच सोमवार मी केले होते. निर्जळी, दिवस मावळताना आंघोळ, पिंडीवर बेल, गव्हाच्या पिठाचा गूळतुपातला चुरमा, त्याचे तीन भाग. पाचही सोमवारी दिव्यापुढे बसून मी एकच मागणं मागितलं होतं, आणि मागताना तात्यांचं नाव घेतलं होतं, की त्यांचा घसा लवकर बरा होऊ दे. कारण मला घरून तेवढंच सांगितलं होतं. तात्यांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय.

सोळा सोमवार मी स्पेनसाठी धरले होते. प्रयोगशाळेतली शितल हसायची. "सोळा सोमवारांनी नवरा मिळतो गं बाई. शिष्यवृत्तीचं डिपार्टमेंट वेगळंय, तू भलत्याच खिडकीवर लाइन लावलीस." मी तिला काही बोलत नसे. मला वाद घालता येत नाही, आणि देवाशी तर कधीच घालता आला नाही. लहानपणापासून मी जे धरलं ते पाळलं. पहाटे जप संपेपर्यंत बोलायचं नाही. संध्याकाळचा दिवा चुकवायचा नाही. सोमवारी मीठ नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी मी मटण सोडलं, तेही धनगराच्या घरात, जिथं जत्रेला सगळ्यांच्या ताटात तेच असतं. मला बरं वाटायचं त्यात. नेमानं दिवसाला कडा येतात. शिरूरच्या भाड्याच्या खोलीत फळीवर एका बाजूला पिंड होती आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिशचा शब्दकोश, आणि मी रोज सकाळी दोन्हींवरची धूळ एकाच फडक्यानं पुसायचे. मागच्या आठवड्यात निवड झाल्याचं पत्र आलं. कोर्दोबा नावाचं शहर, मेंढीपालनाचा दोन वर्षांचा अभ्यास. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. मला वाटलं, सोळावा सोमवार व्हायच्या आधीच देवानं दिलं. आता उरलेले दोन नुसते उपकाराचे.

कारखान्यातून मी शिरूरला खोलीवर आले. सुतकाची बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची असते, म्हणून केली. नियम गार पाण्याचा. पण मे महिना होता, गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत होतं, आणि ते डोक्यावर घेताना मला वाटलं, हेही मला धड जमत नाहीये. फळीवरच्या देवाला आता माझा हात चालणार नव्हता. मी त्याच्याकडं पाठ करून कपडे बदलले. लॅपटॉपची पिशवी उचलली, कशासाठी ते ठाऊक नव्हतं, रोज हाताशी असते म्हणून, आणि स्टँडवर जाऊन बारामतीच्या एसटीत बसले.

न्हावरा येईपर्यंत मी नुसती मागच्या महिन्याचे फोन आठवत होते. रोज संध्याकाळी मी तात्यांना स्पेनबद्दल काहीतरी आवाज भरून पाठवायचे. ते लिहिलेलं वाचायचे नाहीत, त्यांना ऐकायचं असे. कधी दोन मिनिटं, कधी चार. तिथं दुपारी दुकानं बंद करून लोक जेवतात आणि पडतात, अगदी आपल्यासारखं. तिथं रानात जैतुनाची झाडं असतात, बुटकी, आपल्या बोरीसारखी पसरलेली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, मग तात्या, माझा सोमवार कुणाच्या सूर्यानं धरायचा? पाठवल्यावर थोड्या वेळानं खुणा निळ्या व्हायच्या. रोज. एकही दिवस चुकला नाही. कुणीतरी ते सगळं ऐकत होतं. आणि दर रविवारी व्हिडिओवर नानी यायची, तात्यांची बायको, गिताबाई. तात्या झोपलेत म्हणायची, नाहीतर तात्या मळ्यात गेलेत, घसा बसलाय पण पाय कुठं ठरत्यात त्यांचं. मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर, नानीच्या कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. एका रविवारी कुंकू नेहमीपेक्षा मोठं वाटलं. मी म्हणालेही, "नानी, आज नटलीस का गं?" ती हसली होती. बांगड्यांचा हात तोंडापुढं धरून हसली होती. एसटी भीमेच्या पुलावर आली तेव्हा मला ते हसणं समजलं, आणि मी खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. गज तापलेला होता. मी तो सोडला नाही.

स्पेन आम्हा दोघांचा होता, माझा आणि तात्यांचा. आमच्या घरात मेंढरं सगळ्यात शेवटी तात्यांनी विकली. कॅनॉलचं पाणी आलं, कांदा आला, शेवंती आली, माझे वडील, म्हणजे आबा, शेतकरी झाले. पण तात्या बरीच वर्षं कळप घेऊन फिरत राहिले. मी नऊ वर्षांची असताना भांडगावपाशी हायवे ओलांडताना एक ट्रक त्यांच्या कळपात घुसला. अकरा मेंढरं गेली. मागच्या गाड्या थांबल्या आणि सगळ्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि तात्या एकेक मेंढरू पायाला धरून रस्त्याच्या कडेला ओढत राहिले, वाट मोकळी करून देण्यासाठी. हे ते कधी रागानं सांगत नसत. एवढंच म्हणायचे की सातव्या मेंढराला अजून धुगधुगी होती, पण हॉर्न ऐकून मीबी घाई केली. मोठेपणी मी शेतकी शिकत असताना मला एक चित्रफीत सापडली. माद्रिद शहर, उंच इमारती, आणि मधल्या मोठ्या रस्त्यावरून हजारो मेंढरं चाललेली. जुन्या काळापासून तो त्यांचा चालण्याचा रस्ता, तो हक्क अजून मोडलेला नाही. पोलिसांनी गाड्या अडवलेल्या, फुटपाथवर लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे. तात्यांनी ती सहा वेळा बघितली. सहाव्या वेळी आवाज वाढवायला लावला. "हॉर्न न्हाई वाजवत कुणी?" मी म्हटलं, "नाही तात्या." ते फोन तसाच हातात धरून बसले. मग म्हणाले, "शिकायचं तर तिथं शिक मग. इथं काय शिकतीस?"

तिथून ते सुरू झालं. अर्ज करताना गावाचं नाव कोर्दोबा म्हटल्यावर तर ते खूशच झाले. "बिरोबा, म्हसोबा, खंडोबा, आन् ह्यो कोर्दोबा. आपल्यातलाच देव दिसतोय की. भंडारा न्यायला लागंल." मी हसले, पण मनात मीही स्पेनचा एक देवच करून ठेवला होता. माझ्या स्पेनमध्ये खोलीच्या खिडकीखालून मेंढरांची वाट जायची. माझ्या स्पेनमध्ये सगळे हळू बोलायचे. लग्नाचं कुणी विचारायचं नाही. सोमवारी उपास आहे म्हटलं की तिथली म्हातारी घरमालकीण मान डोलवायची, कारण तिचेही काही वार असायचे. बेलाचं पान तिथं मिळणार नाही एवढी एकच अडचण मला दिसत होती, आणि त्यावर तात्यांनी तोडगा काढला होता, की पानं सुकवून नेऊ, देवाला सुकं चालतं, देव काय मेंढरू हाय व्हय. त्या सगळ्या स्पेनमध्ये कुठं रक्ताचा थेंब नव्हता. निवडीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर माझ्या कामाचा विषय लिहिला होता: कोकराच्या मांसाची प्रत. कापलेलं मांस, त्याचा रंग, त्याचा मऊपणा, रोज प्रयोगशाळेत. त्या संध्याकाळी मी आवाज भरला तेव्हा पहिलं पान सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. तात्यांना वाईट वाटेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मलाच ते ऐकायचं नव्हतं. आणि ऐकायला तात्या नव्हतेच. ते जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

चौफुल्याला उतरून मी सहा आसनी रिक्षा केली. घरी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गोकुळनं फोन केला असणार, कारण आई अंगणाच्या तोंडाशीच उभी होती, पाण्याची बादली घेऊन. माझ्याकडं बघून तिनं आधी बोटं मोजली. मी ते पाहिलं. "महिना उलटून कळलं म्हंजी तीनच दिसाचं सुतक," ती रडत रडतच म्हणाली. "आज बुध, मग गुरुवार, शुक्करवार. शनवारी डोईवरनं पाणी घेतलंस की मोकळी. पंधरावा सोमवार गावतोय, अक्षदा. मोडत न्हाई." मी तिथंच ओट्याच्या कडेला बसले. काहीच मोडलं नव्हतं. माझा चुलता गेला, मी त्यांचं तोंड पाहिलं नाही, आणि माझं व्रत धुतल्या तांदळासारखं स्वच्छ राहिलं होतं. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "आई, तू मला नुसतं ये म्हणाली असतीस तरी चाललं असतं." ती म्हणाली, "तूच तर म्हणली हुतीस."

मी म्हणाले होते. पाचव्या सोमवारच्या आधी भावकीतली एक म्हातारी गेली होती, जिला मी जेमतेम ओळखत होते, आणि आईनं फोनवर सहज सांगितलं. तो सोमवार मला धरता आला नाही, पुढं एक वाढवावा लागला. तेव्हा मी आईला म्हणाले होते, "कानावर पडेपर्यंत सुतक नसतं आई. पुन्हा असलं काही मला फोनवर सांगत जाऊ नकोस." मी ओरडले नव्हते. मी कधीच ओरडत नाही. हळूच म्हणाले होते, म्हणून तर त्यांनी ते इतकं मनावर घेतलं. हळू बोलणाऱ्या माणसाचा शब्द घरात मोडत नाहीत. मला आठवतं, त्या फोनच्या वेळी तात्या आईच्या जवळच असावेत, कारण मागून त्यांचा आवाज आला होता, "बराबर हाय पोरीचं."

नानी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ कोरं होतं. कपाळाचा तेवढा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ होता, आणि मला तिकडं बघवेना, म्हणून मी तिच्या पायांकडं बघत बसले. "जेवलीस?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "त्या गोकुळ्याच्या तोंडाला झाकणच न्हाई," ती म्हणाली. "दोनच सोमवार ऱ्हायलं हुतं. दीड महिना गावानं तोंड मिटून धरलं असतं, ह्यानं घात केला." तिच्या मांडीपाशी तात्यांचा फोन होता, चार्जिंगला लावलेला.

"नानी, तू का गं असं केलंस?"

"मी कुठं केलं? त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात. दम पुरत न्हवता, तरी इचारलं, पोरीचा कितवा सोमवार? मी म्हनलं, नववा झाला. तर म्हनले, सोळा झाल्याबिगर कळवायचं न्हाई. तुझ्या आबानं हात धरून व्हय म्हनलं. मग काय करायचं मी?" तिनं पदर सारखा केला. "पयल्या रविवारी तुझा फोन वाजला तवा त्यांचं बारावं बी झालं न्हवतं. बांगड्या तर फोडल्या हुत्या. तुझ्या आईच्या काढून घातल्या. हातात जात न्हवत्या, साबण लावला. कुकू मीच लावलं. आरशात न्हाई बघितलं, नुसतं हाताच्या अंदाजानं लावलं, म्हनून तर त्या दिशी मोठं झालं. तू म्हनलीस, नटलीस का."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"एकदा पुसायचं ऱ्हाऊन गेलं," नानी सांगत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. "तुझा फोन बंद झाला आन् दारात शेजारची आली ताक मागाय. माझ्या कपाळाकडं बघितलं. ताक घेतलं न्हाई. तशीच गेली. दोन दिसांनी हिरीवर बाया म्हनत हुत्या, गिताबाईला दुसऱ्या लग्नाची हौस आली जनू. बोलू दे. त्यास्नी काय सांगायचं, स्पेनपायी लावलं म्हनून?" आणि ती खरंच हसली, तोंडापुढं हात न धरता. हात मोकळा होता, नुसतं मनगट.

"मी नाही जात," मी म्हणाले. "नको मला ते. उद्या कळवून टाकते नाही म्हणून. सोमवारही नकोत."

मला वाटलं ती समजूत घालेल. मी त्याच्या तयारीतच होते, आणि समजूत घातली तरी ऐकायचं नाही असं ठरवून बसले होते. पण नानी एकदम पुढं सरकली. "न्हाई जायाचं तर नको जाऊ. पर माझ्या कुकवावर ढकलू नको. न्हाईतर जलमभर म्हनशील, नानीपायी ऱ्हायले. ते ओझं मला नको. तुला जायाचं हाय का न्हाई, तेवढंच सांग. खरं सांग. हितनं पुढं ह्या घरात लपवायचं न्हाई काय. लई झालं लपवून."

 बाहेर आई बादलीचा आवाज करत होती. मी मनात शोधत होते, आत कुठंतरी स्पेन विझलेला सापडेल म्हणून. सापडला असता तर सोपं झालं असतं. पण तो तसाच होता. खिडकी होती, जैतुनाची झाडं होती, दुपारची झोपलेली दुकानं होती, आणि ती सगळी माझी वाट बघत होती, जसं काही घडलंच नव्हतं. तात्यांच्या जाण्याचा त्याच्यावर डागसुद्धा पडला नव्हता. हेच मला सहन होत नव्हतं, आणि तरी ते खरं होतं.

"जायचंय," मी म्हणाले. एवढ्या हळू की नानीला ओठच दिसले असतील.

"मग सांग त्या स्पेनवाल्यास्नी तसं."

"पण मी तात्यांना खोटं सांगितलंय नानी. तिथं मेंढरांचा नुसता मान राखतात असं. तो रस्ता वर्षातून एकच दिवस अडवतात. आणि मी शिकायला चाललेय ते मांसाचं आहे. कापलेल्या कोकरांचं. माझं मलाच कसं जमणार ठाऊक नाही. मी कुणालाच सांगितलं नाही."

नानीनं मांडीपाशीचा फोन उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "अगं येडे, दसऱ्याच्या आधी खाटकाला बकरी कोन विकत हुतं? तुझं तात्या. पाठीवरनं हात फिरवून वजन सांगायचं, काट्यावर अर्धा किलो बी फरक पडत न्हवता. घरात मटान शिजत हुतं तवा तूच नाक धरून माडीवर जायाचीस, तात्या न्हाई. तू फोनवर सांगायचीस आन् ह्ये गालात हसायचं. म्हनायचं, पोरगी मेंढराला मरूच देत न्हाई. सांगू दे, ऐकाय गोड वाटतं."  फोनवरची धूळ तिनं अंगठ्यानं पुसली. "नंतरचं सगळं म्या ऐकलं. त्यातलं निम्मं कळलं न्हाई. पर रोज ऐकलं. खोटं हुतं त्ये बी."

मग मात्र मला रडू आलं. महिनाभराचं, उशिरा आलेलं, बेढब रडू. नानीनं मला जवळ घेतलं नाही. ती स्वतःच थकलेली होती. ती नुसती शेजारी बसून राहिली आणि मधूनमधून दाराकडं बघत राहिली. रडणं ओसरल्यावर मी लॅपटॉप उघडला. घरात रेंज एकाच कोपऱ्यात येते, धान्याच्या कोठीपाशी. तिथं उभी राहून, लॅपटॉप कोठीच्या झाकणावर ठेवून मी पत्र काढलं. दोन चौकटी होत्या. एकीत खूण केली आणि खालचं बटण दाबलं. "झालं?" नानीनं विचारलं. "झालं." "येवढंच असतंय?" "हो, एवढंच." तिनं मान हलवली. कुणी आनंदलं नाही. आईनं आत येऊन विचारलं काय झालं, आणि नानी म्हणाली, "पोरगी चालली," आणि आई पुन्हा रडायला लागली, आता कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

आईनं चहा केला. मी कप घेऊन निराळी बसले, सुतकाच्या नियमानं, आणि नानीला मध्येच काहीतरी आठवलं. ती वैतागून म्हणाली, "आन् त्या म्हस्कूचं काय करायचं? त्याला बी ह्ये शबूद देऊन बसल्यात." म्हस्कू म्हणजे तात्यांचा जुना जोडीदार, अजून मेंढरं राखणारा. त्याचा कळप सध्या भांडगावच्या अंगाला कुणाच्या तरी मोकळ्या रानात बसला होता. त्याच्या मुलीनं दहावीची परीक्षा दिली, आणि तो तिला आता पुढं शिकवायचं नाही म्हणत होता, कारण कॉलेजचा फॉर्म म्हणे मोबाईलवर भरायचा असतो, आणि त्याला ते काही कळत नव्हतं. आजारी पडायच्या आठ दिवस आधी तात्या त्याच्या पालावर गेले होते. नानीनं तात्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "माझी पुतनी साता समिंदरापल्याड चाललीया, आन् तू पोरीला हितं बांधून ठेवतोस? फॉर्म तीच भरून दील. माझा शबूद." तात्या गेल्यावर म्हस्कू तेराव्याला आला, जेवला, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलगी पास झाली. काल मात्र त्यानं कुणाकडून तरी विचारलं होतं, गेणबाची पुतनी कवा येनार.

मी लॅपटॉपवर बघितलं. मुदत उद्या दुपारपर्यंत होती.

"शनवारी जा," आई म्हणाली. "तीन दिस तू कुणाच्या दारात जायाचं न्हाई. सुतक घेऊन कुणाच्या लेकराच्या चांगल्या कामाला हात लावू नाई. शनवारपातुर थांब, मग जा."

"शनिवारी फॉर्म बंद झालेला असेल आई."

मी आयुष्यात कधी तिला असं काही म्हटलं नव्हतं. सुतक, सोवळं, वार, तिथी, हे सगळं या घरात उलट तीच माझ्याकडून शिकली होती. मला स्वतःलाच आत काहीतरी चोरटं, अस्वच्छ वाटत होतं. जप अर्धा टाकून उठावं तसं. ते जाईल असं मला वाटलं नाही, आणि त्याच्यासाठी थांबावं असंही वाटलं नाही. मी कप विसळून पालथा घातला. लॅपटॉप पिशवीत घातला. चार्जिंग निम्मं होतं, पालावर वीज असणार नाही, निम्म्यात भागवावं लागणार होतं.

नानी दाराच्या चौकटीपर्यंत आली. त्यापुढं ती येत नव्हती, अजून काही महिने तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. "पोरीचं नाव नकुशी हाय," ती म्हणाली. "पाचवी पोरगी म्हनून ठेवलं. फॉर्मात दुसरं लावता येतं का बघ. चांगलं काय तरी."

"नाही येत नानी. दाखल्यावर आहे तेच लावावं लागतं."

 "बरं. मग त्येच भर. पर भर."

मी चपला घातल्या, केस पदरानं झाकले, आणि शेवंतीच्या वाफ्यांमधून बांधाबांधानं भांडगावच्या दिशेनं चालायला लागले.